वँकेल बुडालं म्हणून हेही बुडणार का?

तुमच्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. लिक्विडपिस्टन या अमेरिकन कंपनीचं एक्स-इंजिन म्हणजे वँकेलच (पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेलं जुनं रोटरी इंजिन) उलटं करून ठेवलंय, ते बुडालं तसं हेही बुडणार. "फक्त दोन हलणारे पार्ट" ही निव्वळ जाहिरात आहे. आणि बॅटरीच्या जमान्यात नवीन इंजिन हवंय कुणाला. पहिल्यावर जरा सविस्तरच लिहितो, कारण सगळा मुद्दा तिथेच अडलाय.

उलटं आहे, अगदी मान्य. वँकेलमध्ये तिकोनी रोटर मधे किंचित आवळलेल्या लंबगोल हाउसिंगमध्ये फिरतो, आणि एक्स-इंजिनमध्ये रोटर लंबगोल, हाउसिंग तीन पाळ्यांचं. पण उलटं केल्याने बदललं काय ते बघा ना. वँकेलचे एपेक्स सील, म्हणजे गॅस गळू नये म्हणून लावलेल्या पट्ट्या, रोटरच्या तीन टोकांवर बसतात आणि रोटरबरोबर गरगर फिरत हाउसिंगला घासत जातात. फिरत्या सीलला थेट ऑइल पोचवणार कसं, म्हणून ते चेंबरमध्येच सोडायचं, मग ते पेट्रोलबरोबर जळतं आणि धुरात भर पडते. एनएसयू या जर्मन कंपनीची वँकेलवाली कार रो ८० आली 1967 मध्ये, तिचे सील इतक्या लवकर झिजायला लागले की वॉरंटीत इंजिनंच्या इंजिनं बदलून द्यावी लागली, कंपनीचं कंबरडं मोडलं आणि 1969 ला ती फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. माझदाच्या सुरुवातीच्या इंजिनांमध्ये तर हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर आडवे ओरखडे उठायचे, त्यांचे इंजिनिअर त्याला सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणायचे.

एक्स-इंजिनमध्ये हेच सील हाउसिंगमध्ये बसवलेत, म्हणजे ते फिरतच नाहीत, त्यामुळे लागेल तेवढंच ऑइल बाहेरून थेट सीलवर देता येतं. दुसरं म्हणजे चेंबर. वँकेलमध्ये जळण होतं ती जागा लांबुळकी, चपटी आणि रोटरबरोबर सरकणारी, ज्योत मागच्या टोकापर्यंत धड पोचतच नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी दोन-दोन स्पार्क प्लग लावले तरी थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, आणि भिंतींचा पृष्ठभाग जास्त म्हणून उष्णताही फुकट जाते. इथे चेंबर म्हणजे हाउसिंगमध्येच कोरलेला छोटा आटोपशीर खळगा, जागच्या जागी. मग कॉम्प्रेशन (जळणापूर्वी हवा किती दाबली जाते ते) डिझेलइतकं वर नेता येतं, जे वँकेलला कधी नीट जमलं नाही. ज्या दोन दुखण्यांनी वँकेलला जेरीस आणलं नेमकी तीच दोन इथे धरलीत, म्हणून मला हे डिझाइन मनापासून आवडतं.

आणि वँकेल बुडालं असं सरसकट म्हणणंही मला पटत नाही. 1991 ची ल माँची 24 तासांची कार शर्यत माझदा 787बी ने रोटरी इंजिनावर जिंकली, माझदाचीच आरएक्स-8 कार 2012 पर्यंत बनत होती, आणि 2023 मध्ये त्यांच्या एमएक्स-30 मध्ये 830 सीसीचा एक रोटर परत आला, चाकं फिरवायला नाही तर बॅटरी चार्ज करायला.

दोन पार्टच्या बाबतीत तुमचंच बरोबर. गिअर, बेअरिंग, फ्युएल पंप, ऑइल पंप कोण मोजणार? त्या वाक्यावर मी तरी वेळ घालवत नाही.

आता बॅटरी. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण 12 युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते. छोट्या इंजिनाने त्यातला पाचवा हिस्सा जरी शाफ्टवर दिला तरी जवळपास अडीच युनिट हातात येतात, आणि एक किलो लिथियम-आयन बॅटरी देते साधारण पाव युनिट. घरी चार्ज होणाऱ्या कारला हा फरक चालून जातो, तिथे बॅटरीच जिंकणार याबद्दल आपलं भांडणच नाही. पण तासन् तास हवेत राहायचा ड्रोन किंवा पाठीवर न्यायचा जनरेटर असेल तर एकेक किलो जड होतो. अमेरिकन संरक्षण खात्याची संशोधन संस्था डार्पा हिने लिक्विडपिस्टनला पैसे दिले ते काही कारसाठी नाही. यांनी 70 सीसीचं इंजिन गो-कार्टला बसवून चालवून दाखवलं तेव्हाही मला त्या कार्टच्या वेगापेक्षा इंजिनाचं वजन महत्त्वाचं वाटलं, जेमतेम दोन किलो!

मला काळजी वाटते ती वेगळ्याच ठिकाणी, आणि तिला तुम्ही हात लावलेला नाही. या इंजिनात हवा आत यायचा आणि धूर बाहेर जायचा रस्ता रोटरमधूनच आहे. म्हणजे तापलेला धूर रोटरच्या पोटातून जाणार, एक बाजू गरम, दुसरी त्या मानाने थंड, रोटर असमान फुगणार, आणि त्याच्या चपट्या बाजू व कव्हर यांच्यातली फट सांभाळणं अवघड होणार. हाउसिंगला पाण्याने थंड करता येतं, फिरत्या रोटरला तसं करणं सोपं नाही. त्यातून जादा हवा खेळवायची तर ती ढकलायची ताकद इंजिनातूनच जाणार, म्हणजे कॉम्प्रेशन वाढवून जे कमावलं त्यातलं काही इथे खर्ची पडणार. पूर्ण लोडवर शेकडो तास चालवल्यावर ते किती खर्ची पडतं आणि सील किती झिजतात, जनरेटरमध्ये हे टिकणार की नाही ते त्या दोन आकड्यांवर ठरेल असं मला वाटतं.