आमच्या वाटेतून जरा बाजूला व्हा

कापसाचा भाव पडला की गावोगाव एकच सूर निघतो: सरकारने खरेदी करावी, सरकारने बोनस द्यावा, सरकारने अमुक करावं. मी स्वतः कोरडवाहू कापूस लावतो आणि मला हे पटत नाही. सरकारने काय द्यावं हे मागण्याआधी, सरकारने काय अडवणं थांबवावं हे आपण मागितलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना एकाधिकार खरेदी आठवत असेल. 1972 पासून जवळपास तीस वर्षं महाराष्ट्रात शेतकऱ्याला आपला कापूस सरकारी योजनेबाहेर कोणाला विकता येत नव्हता. केंद्रावर गाड्यांची रांग, ग्रेड ठरवणारा दुसराच आणि चुकारा हप्त्याहप्त्याने. इकडे धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या पुढे पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेश लागतो आणि थोडं पुढे सेंधवा. तिथला जिनिंगवाला रोख पैसे मोजायचा. तिकडे भाव चढा असला की आपल्याकडचा कापूस रातोरात सेंधव्याला जायचा, आणि नाक्यावर सापडला तर जप्त व्हायचा. स्वतःच्या वावरात पिकवलेला माल विकायला नेणारा माणूस गुन्हेगार ठरत होता! बाजार कोसळला तेव्हा याच योजनेने हात दिला, हे मी नाकारत नाही. पण शेवटी तोटा हजारो कोटींवर गेला, आणि तो भरला कोणी? तुम्ही-आम्हीच.

एकाधिकार गेला, पण अडवण्याची सवय गेली नाही. एप्रिल 2010 मध्ये कापसाची निर्यात थांबवली, मार्च 2012 मध्ये पुन्हा बंदी घातली. कांद्याची निर्यात डिसेंबर 2023 पासून मे 2024 पर्यंत बंद होती. आणि ऑगस्ट 2025 मध्ये, आपली बोंडं फुटायच्या तोंडावर, कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केलं. यावर माझे काही मित्र माझ्यावर रागावतील, पण सांगतो, आयात खुली करायला माझी हरकत नाही. गिरणीवाल्याला स्वस्त मिळेल तिथून त्याने कापूस घ्यावा. पण मग भाव चढल्यावर मलाही जगात कुठेही विकू द्या. भाव पडताना बाजार मोकळा आणि चढताना बांधलेला, याला मुक्त बाजार म्हणत नाहीत.

बियाण्याचंही तेच. तणनाशक फवारलं तरी टिकणारं एचटीबीटी बियाणं सरकारने अजून मंजूर केलेलं नाही, तरी ते खेडोपाडी लावलं जातं. 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी ते सत्याग्रह म्हणून उघड पेरलं. निंदणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, म्हणून लोक चोरबीटी घेतात. बंदीचा परिणाम एवढाच की पाकीट बिनबिलाचं येतं. उगवलं नाही तर दाद मागायची कोणाकडे? 2001 साली गुजरातेत बिनपरवान्याचं बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारं जनुकबदल केलेलं बियाणं, सापडलं तेव्हा पीक जाळायचे आदेश निघाले होते, आणि मार्च 2002 मध्ये बीटीला रीतसर परवानगी मिळाली. तपासायचं असेल तर तपासा, पण निकाल द्या. वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवू नका.

'मोकळ्या बाजारात व्यापारी लुटतो' असं म्हणणाऱ्यांना खेडा खरेदीचं सांगतो. ओट्यावर घरातला कापूस मांडलेला असतो. व्यापारी हात घालून खालचा कापूस वर काढतो, सरकी दाताखाली धरून चावतो आणि म्हणतो, "माल वल्ला शे." झाले क्विंटलमागे तीनशे कमी. वर गाठोड्यामागे कडता, म्हणजे वजनातली कपात, वेगळाच. गेल्या हंगामात आमच्या गल्लीत हे चालू असतानाच दुसऱ्या व्यापाऱ्याची गाडी वळणावर येऊन थांबली, आणि पहिल्याने स्वतःहून दोनशे वाढवले. माल तोच, ओल तीच. एरवी एकटाच व्यापारी येतो आणि तो म्हणेल तो भाव. म्हणून मला दारात आणखी चार गाड्या हव्या आहेत. सरकारने काटा तपासावा, खोटा काटा लावणाऱ्याला उचलावं. रावेर-यावलकडे केळीचे घड कापून नेल्यावर पैसे बुडवणारा व्यापारी पळून जातो, त्याला धरून आणावं. शेताची मोजणी वेळेवर करून द्यावी. ही कामं सरकारशिवाय कोणी करू शकत नाही, आणि नेमकी तीच रेंगाळतात.

घराचं बघा. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याखाली आपल्याकडे शेतजमिनीचा ठरावीक क्षेत्राखालचा (2023 पासून जिरायत 20 आणि बागायत 10 गुंठे) दस्त नोंदवता येत नव्हता. ज्याला दीड गुंठ्यात दोन खोल्या बांधायच्या आहेत त्याने काय करायचं? त्याने तेवढा तुकडा स्टॅम्पपेपरवर घेतला. सातबाऱ्यावर नाव नाही, बँकेचं कर्ज नाही, नळाला परवानगी नाही. मग सरकारच 2001 मध्ये गुंठेवारी, म्हणजे असे गुंठ्यागुंठ्याने विकलेले तुकडे, नियमित करायचा कायदा आणतं आणि 2025 मध्ये तुकडेबंदी शिथिल करतं. आधीच मोकळीक दिली असती तर किती कुटुंबांची कागदपत्रं आज सरळ असती! आणि सरकारने घरं बांधायला घेतली की काय होतं, हे जळगावकरांनी पालिकेच्या घरकुलांत पाहिलं आहे. 2019 मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने त्या घरकुल घोटाळ्यात 48 जणांना दोषी ठरवलं.

शाळेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात खासगी शाळेत 25 टक्के जागा ठेवल्या, त्यांची फी सरकारने द्यायची. कल्पना चांगली, पण शाळांचे पैसे थकतात आणि मग त्या पोरांकडे सावत्र नजरेने बघितलं जातं. त्यापेक्षा तेवढी रक्कम थेट आईबापांच्या हाती द्या, पोरगं जिल्हा परिषदेत घालायचं की खासगीत ते त्यांना ठरवू द्या. मात्र नंदुरबारच्या डोंगरात धडगाव-मोलगीच्या पाड्यांवर कोणी खासगी शाळा काढायला जाणार नाही. तिथे सरकारनेच शाळा चालवली पाहिजे, त्यासाठी लागेल तेवढा पैसा ओतला पाहिजे, आणि तिथल्या गुरुजींना सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून सोडवून वर्गात उभं राहू दिलं पाहिजे.