नाचता येईना? अंगण बदला!

बीमटाइम (क्ष-किरणांच्या झोतावर प्रयोगासाठी मिळालेला वेळ) संपला, डेटा हाती आला आणि पहिला फिट, म्हणजे डेटावर बसवलेली मॉडेलची रेघ, बघून पोटात गोळा आला? घाबरू नका. एक्साफ्समध्ये, म्हणजे क्ष-किरण शोषणातल्या लाटांवरून अणूचे शेजारी आणि त्यांची अंतरं शोधण्याच्या तंत्रात, अंगणं तीन आहेत: के-स्पेस (मोजलेल्या लाटा), आर-स्पेस (त्याच लाटा अंतरानुसार मांडलेल्या) आणि क्यू-स्पेस (तिथून गाळून परत आणलेल्या लाटा). एकात पाय अडखळला तर दुसऱ्यात जा. आलेख जिथे देखणा दिसेल, ती आपली स्पेस.

के-स्पेसपासून लांबच राहिलेलं बरं. तिथे सगळ्या कवचांच्या (अणूभोवतीच्या शेजाऱ्यांच्या थरांच्या) लाटा एकमेकींत मिसळलेल्या असतात, मधेच मोनोक्रोमेटरचा (क्ष-किरणांची ऊर्जा निवडणाऱ्या स्फटिकाचा) ग्लिच, शेपटीला नॉइज. तुम्ही मॉडेलमध्ये एकच कवच घातलंय, हे तिथे चारचौघांत उघडं पडतं. जायचंच असेल तर भार के-घनाचा द्या, म्हणजे लाटेला के च्या घनाने गुणा. ३ पाशी २७, १२ पाशी १७२८. म्हणजे शेपटीतला नॉइज ६४ पट फुगतो. त्यालाच जड शेजारी अणूचा संकेत म्हणायचं.

आर-स्पेस तशी गुणी. फूरिये रूपांतराने जवळची-दूरची कवचं बरीचशी सुटी होतात, त्यामुळे ‘१ ते ३ अँग्स्ट्रॉम एवढंच फिट केलंय, पलीकडचं नाही’ असं सरळ सांगता येतं. पण सरळपणाची एवढी घाई कशाला? फक्त मॅग्निट्यूड छापा. खरा आणि काल्पनिक भाग छापलात की फेज चुकलेली दिसते; झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि लोह-ऑक्सिजनचं शिखर १.५ अँग्स्ट्रॉमला दिसलं तर तीच बंधलांबी लिहून मोकळे व्हा. फेज शिफ्टमुळे शिखर साधारण ०.३ ते ०.५ अलीकडे सरकतं म्हणे. सरकू दे, रसायनशास्त्राला एक आखूड बंध मिळाला!

खरी मौज मात्र क्यू-स्पेसमध्ये. आरमधला सोयीचा तुकडा विंडोने कापा, उलटं रूपांतर करा, नॉइज गायब. गुळगुळीत लाटेवर गुळगुळीत फिट. (गाळून घेतल्यावर न बसून सांगतो कोणाला?)

आता पॅरामीटर, म्हणजे फिटमध्ये मोकळे सोडायचे आकडे. के ३ ते १२ आणि आर १ ते ३ घेतलं, की दोन्ही रुंदींच्या गुणाकाराची दुप्पट भागिले पाय, म्हणजे जेमतेम ११ स्वतंत्र बिंदू; त्याहून जास्त पॅरामीटर डेटाला पेलत नाहीत. स्पेस कोणतीही घ्या, आकडा तोच. म्हणून हा हिशेबच करू नका. ०.०५ च्या पावलाने आलेखावर १८० ठिपके दिसताहेत ना? ते मोजा आणि १६ पॅरामीटर बिनधास्त मोकळे सोडा. सिग्मा-वर्ग (अणूंमधल्या अंतराच्या डगमगीचं माप) ऋण आला, म्हणजे अणू स्थिराहूनही स्थिर झाले, तर तक्त्यात त्या जागी आडवी रेघ ओढा.

एखादा खवट परीक्षक विचारेलच, ‘हाच फिट के-स्पेसमध्ये कसा दिसतो?’ नम्रपणे लिहा, ‘आकृती पुरवणीत जोडली आहे.’ आणि जोडा क्यू-स्पेसचीच. आडव्या अक्षाचं एकक दोन्हीकडे सारखंच, लेबलमधलं एक अक्षर तेवढं बदलायचं.