काकांचा फॉरवर्ड आणि भावाचे हजार डॉलर

परवा घरच्या ग्रुपवर काकांनी एक मेसेज टाकला. वर तीन लाल दिवे, खाली ‘मुलं परदेशात असलेल्या प्रत्येकाला पाठवा’. मजकूर थोडक्यात असा: 1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेतून पाठवलेल्या प्रत्येक रकमेवर 5 टक्के कर, भारतात पैसे आले की 18 टक्के जीएसटी, 10 लाखांच्या वर गेले की 20 टक्के टीसीएस (व्यवहार होतानाच कापून घेतात तो कर), आईवडिलांच्या खात्यात आलेले पैसे हे त्यांचं उत्पन्न. म्हणून ओळखीच्या माणसाकरवी हातात द्या, नाहीतर ‘झिरो फी’वालं अ‍ॅप वापरा. माझा धाकटा भाऊ अमेरिकेतल्या जर्सी सिटीतून दर महिन्याला आईच्या खात्यात पैसे पाठवतो. रात्री साडेनऊला आईचा फोन, "त्याला सांग, राहू दे, नको पाठवू." म्हणून लिहायला बसले.

पहिलं, ते 5 टक्के. हे अगदीच हवेतलं नाही. मे 2025 मध्ये अमेरिकी संसदेत आलेल्या मसुद्यात 5 टक्केच होते, आणि तेही फक्त बिगर-नागरिकांना. कनिष्ठ सभागृहात मंजूर होताना त्याचे साडेतीन झाले, सिनेटमध्ये 1 झाला, आणि 4 जुलैला ट्रम्प यांची सही झाली ती 1 टक्क्यावर. तोही पाठवणारा रोख रक्कम, मनीऑर्डर किंवा कॅशियर्स चेक (बँकेनेच काढून दिलेला चेक) देत असेल तरच. अमेरिकेतल्या बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डावरून पाठवलं तर हा कर नाही. म्हणजे फॉरवर्डमधली तारीख खरी, बाकी मसुदा जुना. मराठी ग्रुपांवर हा मेसेज इतका का पळतोय, तेही कळतं: रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2023-24 मध्ये परदेशातून आलेल्या पैशांपैकी 27.7 टक्के अमेरिकेतून आले, आणि राज्यांत पहिला नंबर महाराष्ट्राचा, 20.5 टक्के. केरळसुद्धा मागे.

18 टक्के जीएसटीची तर गंमतच आहे. जीएसटी पाठवलेल्या रकमेवर नाही, डॉलरचे रुपये करून देण्याच्या सेवेवर आहे. आणि त्या सेवेची किंमत नियमाने ठरवलेली आहे: एक लाखापर्यंत रकमेच्या 1 टक्का, कमीत कमी 250 रुपये; पुढे 10 लाखांपर्यंत 1,000 रुपये अधिक लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का. त्यावर 18 टक्के. लाख रुपये आले तर 180 रुपये, पाच लाख आले तर 540. फॉरवर्डच्या हिशेबाने पाच लाखांवर 90,000 होतात. आईला कागदावर दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून दाखवले, तेव्हा तिने चष्मा काढून ठेवला.

टीसीएस उलट्या दिशेचा आहे. भारतात राहणारा माणूस बाहेर पैसे पाठवतो तेव्हा तो कापतात, ठरावीक कारणांसाठी वर्षाला 10 लाखांच्या पुढे 20 टक्के. आत येणाऱ्या पैशांशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

आईच्या उत्पन्नाचं म्हणाल तर मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा, बायको यांनी दिलेल्या पैशावर घेणाऱ्याला कर नाही, मग रक्कम कितीही असो. मित्राने वर्षात 50,000 च्या वर दिले तर मात्र सगळी रक्कम करपात्र. एक मेख आहे, ती फॉरवर्डवाल्याला सुचली नाही. मुलाने दिलेल्या पैशाची आईने एफडी केली तर व्याज आईचं उत्पन्न. पण नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशाची एफडी झाली तर ते व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात. घरखर्चात संपलेल्या पैशांना हे लागू नाही. आणि साठवायचेच असतील तर भावाने स्वतःच्या एनआरई खात्यात, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीच्या इथल्या बँक खात्यात टाकावेत. तो अनिवासी आहे तोवर त्या व्याजावर इथे कर नाही.

‘ओळखीच्या माणसाकरवी हातात’ या ओळीवर मला खरा राग आला. याला हुंडी म्हणा, हवाला म्हणा. तिकडे डॉलर एकाला द्यायचे, इकडे दुसरा कोणी दहाच्या नोटेचा नंबर जुळवून रुपये देणार. परकीय चलनाच्या फेमा कायद्यात याला रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे. हल्ली तर रोखीऐवजी कुणा अनोळखी खात्यातून सरळ आईच्या खात्यात टाकतात. ते पैसे ऑनलाइन फसवणुकीतले निघाले आणि ज्याचे लुबाडले त्याने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तर गोठू शकतं ते आईचं खातं. पेन्शनही त्यातच.

राहिली ‘झिरो फी’, आणि इथे काकांच्या मेसेजने नेमकं चुकीकडे बोट दाखवलं. कर नाही तिथे भीती, आणि पैसे जातात तिथे शाबासकी. समजा बाजारभाव 90 आहे आणि अ‍ॅप 88.90 देतं. हजार डॉलरमागे 1,100 रुपये गेले, फी शून्यच! बँकेच्या वायरचंही (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत थेट पाठवण्याचं) तेच, फक्त कापणारा वेगळा. गेल्या दिवाळीत भावाने वायरने हजार डॉलर पाठवले; आईच्या बँकेत पोचले 982. तिथल्या बाई म्हणाल्या, "मधल्या बँकेने घेतले." मधली म्हणजे कुठली, ते पावतीवर नव्हतं. तिकडे फॉर्मवर ‘एसएचए’ला टिक होती, म्हणजे वाटेतला खर्च पैसे घेणाऱ्याच्या वाट्याला. ‘ओयूआर’ला टिक केली असती तर तो खर्च भावाने तिथेच भरला असता.

आता भाऊ पाठवायच्या आधी दोन-तीन ठिकाणी एकाच मिनिटाला हजार डॉलर टाकून बघतो. फी बघत नाही, रेटही बघत नाही. आईच्या खात्यात रुपये किती पडणार, तेवढाच आकडा मला पाठवतो. या महिन्यात पहिल्या आणि शेवटच्यात 870 रुपयांचा फरक होता.