गंज आत कोंडून मरत नाही हो!

गेल्या आठवड्यात धाकट्या भावाने घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, ‘बोलेरोला हेच करतो.’ हाच मेसेज एप्रिलमध्ये माझ्या भाच्याने वाचला होता. त्याचं पुढे काय झालं ते मी चवथीला गोव्यात मांद्र्याला ताईकडे जाऊन बघून आलोय. तेव्हा एकदाच सगळं लिहून काढतो, म्हणजे प्रत्येकाला फोन करत बसायला नको.

मेसेज ज्यांना आलेला नाही (असं कोण उरलंय?) त्यांच्यासाठी थोडक्यात. पेंटरचे पैसे वाचवा, जीप, जिप्सी, थारला घरीच रोलरने प्रोटेक्टिव्ह कोटिंग मारा. गंज घासत बसू नका. कोटिंगने हवा बंद होते, गंज आतल्या आत मरतो. फवारा नाही, तेव्हा मास्क नको. एका रविवारचं काम, पावसाळ्यातही जमतं. हा रंग नव्हे, कोटिंग आहे, म्हणून आरटीओचा प्रश्नच नाही, आर्मी ग्रीन बिनधास्त मारा. आणि नाही आवडलं तर सोलून टाका.

आधी गंजाचं, कारण खरा घात तिथे आहे.

भाच्याची जिप्सी लष्कराच्या लिलावातून आलेली. ताईच्या घरामागे फणसाखाली उभी असते, समुद्राचा वारा थेट अंगावर. चवथीच्या दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं. फ्लोअर वरून झकास: काळा, खडबडीत, फणसाच्या सालीसारखा. अंगठ्याने दाबला तर किंचित आत गेला. स्क्रू ड्रायव्हर टेकवला, जोर न लावता, आणि तो मुठीपर्यंत खाली उतरला. बाहेर काढला तर टोकाला चहाच्या चोथ्यासारखा ओला तांबडा भुगा. भाचा म्हणाला, ‘मामा, वरून तर काहीच दिसत नव्हतं!’

अरे, तेच तर. साधा रंग असता तर जूनमध्येच फुगला असता, पापुद्रा सुटला असता, तुला कळलं असतं. हे कोटिंग जाड आणि चिवट. खाली पत्रा संपला तरी ते आपलं ताठ उभं.

गंज हा काही प्राणी नाही गुदमरून मरायला. तो स्पंजासारखा सच्छिद्र थर असतो. त्यात ओल असते आणि किनारपट्टीवर मीठही असतं. मिठातला क्लोराइड गंजण्याच्या क्रियेत खर्च होत नाही, तेच कण पुन्हा पुन्हा कामाला लागतात. वर मीठ ओल ओढून घेतं. कोटिंग कितीही जाड लावा, पाण्याची वाफ त्यातून थोडी थोडी जातेच, आणि खाली मीठ बसलेलं असेल तर ते तिला आत बोलावून घेतं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, म्हणून तर साधा रंग फुगतो. म्हणजे हवा बंद होते हे खोटं, आणि ओल आत कोंडली जाते हे खरं.

अर्धं खरं काय, तेही सांगतो, नाहीतर म्हणाल मामा एकांगी. टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचा स्थिर थर करणारी द्रावणं, मिळतात, ते पातळ आणि घट्ट चिकटलेल्या गंजावर काम करतात. पापुद्रे सुटलेल्या गंजावर करत नाहीत. आणि स्वच्छ पत्र्यावर नीट मारलं तर हे कोटिंग खडी, काटेरी फांद्या, चिखल सोसतं, छोटे पोचे लपवतं, स्प्रे बूथही लागत नाही. वस्तू वाईट नाही, मेसेज वाईट आहे.

या जातीतलं जगभर गाजलेलं नाव रॅप्टर. (भाच्याचा डबा तो नव्हता; कुठला होता ते सोडा.) रॅप्टरचं तांत्रिक पत्रक कुणालाही वाचता येतं. त्यात ग्रीस काढा, गंज काढा, पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासा, उघड्या पत्र्याला प्रायमर मारा, हे सगळं डबा उघडण्याच्या आधी येतं. विकणाराच घासा म्हणतोय आणि फॉरवर्ड करणारा नको म्हणतोय, कुणाचं ऐकायचं? मी त्यात गोव्यापुरती एक भर घालीन: घासण्याआधी गाडी गोड्या पाण्याने, खालून वरून, नीट धुवा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी नको. मीठ न धुता घासलं की ते पत्र्याच्या ओरखड्यांत आणखी खोल बसतं.

मेसेजमध्ये अजिबात नसलेली एक गोष्ट म्हणजे दाराच्या तळाची भोकं. खिडकीच्या काचेवरून दारात उतरणारं पाणी तिथून बाहेर पडतं. भाच्याने रोलर फिरवला आणि ती बुजवून टाकली. मी खिळ्याने एक भोक मोकळं केलं, तर काळपट पाण्याची धार लागली, पायावरच. पणजीला वर्षाला जवळजवळ ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, मांद्र्याला काही वेगळा नाही. त्यातलं किती त्या दारात साठून राहिलं, देव जाणे.

आता मास्क. फवारा नसल्यामुळे धोका कमी होतो, हे मान्य. शून्य होत नाही. हे कोटिंग दोन डब्यांचं: एकात रंग, दुसऱ्यात तो घट्ट करणारा हार्डनर. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. आयसोसायनेट म्हटलं की आपल्याला १९८४ चं भोपाळ आठवतं. तो मिथाइल आयसोसायनेट होता, हा तो नव्हे, उगाच घाबरवत नाही. पण याच कुटुंबातली रसायनं गाड्या रंगवणाऱ्यांना दमा लावतात. ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत ती धरली जातात. शरीराला एकदा त्यांची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही छाती भरते. वास हा इशारा मानू नका, वास येण्याआधीच मात्रा जास्त झालेली असू शकते. ओलं कोटिंग कातडीला लागलं तरी त्रास होऊ शकतो. त्यामुळे नायट्राइलचे ग्लोव्हज, सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क, मोकळी हवा. तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे नुसता रुमाल. आणि ताईला आधीच दमा आहे, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली हे करू नये, एवढं तरी कळायला हवं होतं.

एका रविवारचं काम म्हणे! रोलर फिरवायला एक रविवार लागतो, त्याआधीच्या घासकामाला किती ते ज्याने केलंय त्याला विचारा. शिवाय वेळेचं गणित. रॅप्टरमध्ये ३ भाग रंगाला १ भाग हार्डनर, आणि मिसळल्यावर २० अंशाला साधारण तासभर हातात. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी सावलीतही तेहतीसच्या पुढे असतं, तास कुठला मिळायला. भाच्याने सगळ्या बाटल्या एकदम बादलीत ओतल्या. बादली गरम झाली, कोटिंग गुळाच्या पाकासारखं घट्ट झालं आणि रोलर त्यात उभाच्या उभा अडकला.

पावसाळ्यात तर नावच नको. आयसोसायनेट पाण्याशी मिळाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे कोटिंगमध्ये बुडबुडे आणि सुईच्या टोकाएवढी भोकं. रंगकामात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर नको असा सर्वसाधारण दंडक आहे, पत्राही दवबिंदूपेक्षा (हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश गरम हवा. जुलैत मांद्र्याला हे दोन्ही जमवून दाखवा.

आरटीओचं सोपं आहे. आरसीवर रंगाचा रकाना आहे. रंग डब्यातून आला की बाटलीतून, गाडी वेगळ्या रंगाची दिसायला लागली की नोंद बदलून घ्यावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचा. आणि आर्मी ग्रीन? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच. भाच्याने काळा निवडला तो नियम वाचून नव्हे, दुकानात हिरवा संपला होता म्हणून.

सोलून टाका हे कुठून आलं तेही कळलं. रबरासारखा सोलता येणारा एक स्प्रे मिळतो, तो वेगळा. हे दोन डब्यांचं कोटिंग एकदा पक्कं झालं की ग्राइंडर लागतो. म्हापशाच्या टिंकरने परवा तेच केलं, आधी ग्राइंडर, मग फ्लोअर कापून नवा पत्रा. पेंटरचे जेवढे वाचवले होते त्याहून जास्त त्याने घेतले.

भावा, बोलेरोचं काम दिवाळीनंतर घे, हवा कोरडी झाली की. वायर ब्रश, पॉलिश पेपर आणि मास्क मी घेऊन येतो. बादली मात्र तुझी आण. भाच्याची बादली रोलरसकट ताईने मागच्या दाराला अडसर म्हणून लावली आहे, आणि ती द्यायला ती तयार नाही.