ड्रिल मशीन मिळणार नाही

नव्वद लाखांचा फ्लॅट. हॉलमध्ये 55 इंची टीव्ही, किचनमध्ये चिमणी, बाल्कनीत झोपाळा. आणि अख्ख्या घरात एक पेचकस नाही! टेस्टर नाही, पक्कड नाही, साधी हातोडीसुद्धा नाही. खिळा ठोकायचा तर खलबत्त्यातला बत्ता घेतात. आमच्या सोसायटीतली निम्मी घरं अशी आहेत, आणि आता माझा संयम संपलाय.

कारण यांचं काही अडलं की बेल आमच्या दाराची वाजते. ‘ताई, जरा पाना मिळेल का?’ ‘काकू, ड्रिल आहे ना तुमच्याकडे? पाच मिनिटांत आणून देतो.’ त्या पाच मिनिटांचा आठवडा होतो. शेवटी मीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहते आणि स्वतःची वस्तू ओशाळून मागते. वर ऐकून घ्यायचं, ‘अगं हो, देणारच होते.’

वस्तू परत येते ती कुठल्या अवस्थेत, तेही सांगते. ड्रिलच्या तोंडात बसवायचं भिंतीचं 6 मिमीचं बिट एकाने खिडकीच्या ग्रिलवर चालवलं. भिंतीच्या बिटाच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा असतो, तो वीट-काँक्रीट फोडायला. लोखंडाला एचएसएसचं, म्हणजे हाय-स्पीड स्टीलचं बिट लागतं. दोन्ही बिटं वेगवेगळ्या पुड्यांत घालून, कुठलं कशाला ते सांगून दिली होती. परत आलं त्या बिटाचं टोक निळंकाळं पडलेलं, कार्बाइड उडालेलं, आणि त्याबद्दल चकार शब्द नाही. सपाट पेचकस टाइल उचकटायला वापरला, त्याचं तोंड वाकलं. पक्कड रात्रभर ओल्या बाथरूममध्ये राहून गंजली. चकची, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्याची चावी मी मशीनच्या वायरला रबराने बांधून ठेवते, तीही कुणीतरी सोडवून हरवली. ‘एवढीशी तर होती, मिळेल कुठेतरी.’ अहो, ती एवढीशी चावी नसेल तर बिट आवळता येत नाही, की काढता येत नाही. आणि ती चकच्या मापाचीच लागते, 10 मिमीची वेगळी, 13 मिमीची वेगळी.

डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते पुढच्या गोष्टीने. दार मी उघडते आणि समोरचा माणूस माझ्या खांद्यावरून आत बघत विचारतो, ‘मिस्टर आहेत का? ड्रिल हवं होतं.’ ड्रिल माझं आहे! पुण्याच्या बोहरी आळीत चार दुकानं फिरून, हातात धरून वजन बघून, माझ्या पैशाने घेतलंय. पडद्यांचे रॉड मी लावलेत, किचनमधली मांडणी मी ठोकलीय. माझ्या नवऱ्याला यातलं काही येत नाही आणि तो ते सरळ सांगतो. हे ऐकल्यावरही पुढचा प्रश्न येतो, ‘बिट कुठलं लावायचं, ते तेवढं त्यांना विचारता का?’ मला विचारा ना. मी समोर उभी आहे.

‘हे काम आपलं नाही’ ही खोड आपल्यात फार जुनी आहे. लाकूड सुताराचं, लोखंड लोहाराचं. बलुतं दिलं की आपण मोकळे, आणि ज्याच्या हातात हत्यार त्याने पायरीखाली उभं राहायचं. आज आलेल्या प्लंबरला ‘बूट बाहेर काढ’ म्हणून दरडावताना तीच नजर असते. शाळेत कार्यानुभव नावाचा विषय होता. त्यात आम्ही क्रेप कागदाची फुलं केली, भेटकार्डं केली, गुण मिळवले. फ्यूज कसा बांधायचा ते कुणी शिकवलं नाही. ते घरी बघायला मिळालं, कारण तेव्हा चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते. फ्यूज उडाला की बाबा मेन स्विच पाडायचे, मेणबत्तीच्या उजेडात जळकी तार खरवडून काढायचे आणि नवी बांधायचे. त्यांच्या जागी एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारी बटणं आली ते उत्तमच झालं, त्या कितीतरी सुरक्षित आहेत. पण ते शेजारी उभं राहून बघणं गेलं, आणि आज कुठली एमसीबी पडलीय हे ओळखता न येणारे इंजिनियर आमच्याच मजल्यावर राहतात.

आणि हे त्यांच्यापुरतं राहत नाही. उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते. त्याचे पैसे माझ्याही मेंटेनन्समधून जातात. आणि कुणाच्या तरी फ्लशच्या टाकीतून रात्रंदिवस पाणी वाहत असतं, कारण तळाच्या झडपेचं रबर कडक झालंय. अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ बंद करायचा, टाकी रिकामी करायची, रबर बदलायचं, संपलं. पण अँगल कॉक कुठे असतो हेच माहीत नाही! प्लंबरला चार दिवस सवड नसते, तेवढे चार दिवस टँकरचं पाणी गटारात. पंख्याचंही तेच. जुना पंखा हळू फिरायला लागला की बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. घरगुती पंख्यात सहसा 2.5 मायक्रोफॅराडचा असतो, शंभर रुपयांच्या आत मिळतो. एमसीबी पाडायची, टेस्टर लावून खात्री करायची, जुन्यावर छापलेला आकडा बघून तसाच नवा जोडायचा. आमच्याकडे लोक अख्खा पंखा भंगारात देतात.

मी कारागिरांच्या पोटावर पाय आणा म्हणत नाही. गॅसची लाइन, गीझरचं वायरिंग, भिंतीच्या आतली गळती याला जाणकारच बोलवा, आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. बाकीच्यासाठी एक दुपार काढा आणि बाजारात जा. टेस्टर, सपाट आणि फुलीचा पेचकस, पक्कड, एक अ‍ॅडजस्टेबल पाना, हातोडी, टेफ्लॉन टेप. एका वेळच्या हॉटेलच्या बिलात हे सगळं येतं. ड्रिल दोन-अडीच हजारांत मिळतं, चार घरांनी मिळून घ्या.

माझं आता कुणाला मिळणार नाही. भोक पाडायचं असेल तर मला बोलवा, मशीन घेऊन मी येईन. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली पाडणार नाही, तिथून वायरचा पाइप जातो. बाथरूममध्ये नळाच्या वरच्या रेषेतही नाही. शिकायचं असेल तर मशीन तुमच्या हातात देईन आणि शेजारी उभी राहीन, तुमच्या मुलीला घेऊन या, तिलाही शिकवीन. काम झालं की मशीन, बिटं आणि चावी माझ्याबरोबर परत येतील. आणि दारात येऊन ‘मिस्टर आहेत का’ विचारलंत, तर तेवढंही होणार नाही.