सर्व्हेवाल्यांनी चूक केली असं मला म्हणायचं नव्हतं (प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर)

जुन्या सर्व्हे नकाशातला रेखांश पुढे तारेनं (टेलिग्राफनं) कसा दुरुस्त झाला या माझ्या पोस्टवर एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आधी मनापासून आभार. तुमचे मुद्दे दोन आहेत. एक म्हणजे ज्या लोकांनी जंगलं तुडवत, तापानं फणफणत अख्ख्या हिंदुस्थानाची त्रिकोणमितीय मोजणी केली त्यांचा नकाशा चार किलोमीटर चुकला होता असं लिहिणं म्हणजे त्यांच्या कामाचा अपमान आहे. आणि दुसरा, तारेतून वीज क्षणात पोचते, मग सिग्नल दोन्ही बाजूंनी पाठवायची भानगड कशाला, ते मी उगाच फुगवून सांगितलंय.

पहिल्या मुद्द्यात थोडी चूक माझीच आहे, 'चुकीचा नकाशा' हा शब्द मी सैल वापरला, पोस्टमध्ये तो आता बदललाय. पण आकडा मात्र खरा आहे. सर्व्हेचं मूळ ठाणं म्हणजे मध्य प्रदेशात सिरोंजजवळचं कल्याणपूर, त्याचा जुना रेखांश ७७° ४१′ ४४.७५″ आणि दुरुस्त केलेला ७७° ३९′ १७.५७″. फरक २′ २७″. मुंबईच्या अक्षांशावर हे अंतर साधारण ४.३ किलोमीटर होतं.

आता हे घडलं कसं ते बघा, कारण खरी गंमत इथेच आहे. त्रिकोण मोजून तुम्हाला मुंबई मद्रासपासून किती लांब आणि कुठल्या दिशेला हे कळतं, आणि ते त्यांनी अफाट बारकाईनं काढलं. पण मद्रास ग्रीनिचपासून किती पूर्वेला हे जमिनीवरचा कुठलाच त्रिकोण सांगू शकत नाही, मधे समुद्र आणि परके देश. म्हणजे सगळं जाळं एका खुंटीला टांगलेलं आणि ती खुंटी म्हणजे मद्रास वेधशाळेचा रेखांश. तो मद्रास वेधशाळेतल्या जॉन वॉरननं गुरूच्या चंद्रांच्या ग्रहणांवरून काढला होता. चंद्र सावलीत शिरताना झटकन विझत नाही, हळूहळू मंद होत जातो, आणि तो नेमका कधी दिसेनासा झाला हे दुर्बिणीवर, हवेवर, बघणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून. २′ २७″ म्हणजे वेळेत मोजलं तर जेमतेम ९.८ सेकंद! त्या साधनांनी माणूस दहा सेकंदांच्या आत आला याचं मला तरी कौतुकच वाटतं. नकाशातलं गाव गावापासून हललं नव्हतं, अख्खा देश एकसंध थोडा पूर्वेला सरकला होता.

खुंटी जागेवर आणली ती तारेनं. १८७० मध्ये सुएझ-एडन-मुंबई केबल पडली, आणि १८७६-७७ च्या हंगामात कॅप्टन कॅम्पबेल आणि कॅप्टन हेविसाइड यांनी मुंबई-एडन आणि एडन-सुएझ हे टप्पे मोजले. पलीकडचा इजिप्त ते ग्रीनिच हा दुवा १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणासाठी (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो ते) गेलेल्या इंग्रज मंडळींनी तारेनंच जोडलेला होता. काम असं, की दोन्ही ठिकाणी ताऱ्यांचे वेध घेऊन आपापलं घड्याळ स्थानिक वेळेला पक्कं करायचं आणि मग तारेवरून दोन्ही घड्याळं ताडून बघायची. वेळेतला फरक गुणिले पंधरा की रेखांशातला फरक, एका तासाला १५ अंश.

आता तुमचा दुसरा मुद्दा. समुद्राखालची केबल आधी भारित व्हावी लागते, मग पलीकडचा काटा हलतो. १८६६ ला गूल्ड या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं आयर्लंडमधलं व्हॅलेन्शिया आणि न्यूफाउंडलंड अटलांटिक केबलवरून जोडलं तेव्हा हा उशीर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होता, आणि विषुववृत्तावर ०.३ सेकंद म्हणजे जवळपास १४० मीटर. मुंबईहून एडनला सिग्नल सोडला तर उशिरामुळे दोन घड्याळांतला फरक खऱ्यापेक्षा कमी दिसतो, एडनहून मुंबईला सोडला तर तेवढाच जास्त. सरासरी काढली की उशीर आपोआप गळून पडतो, तो किती आहे हे माहीत असायचीसुद्धा गरज नाही! फक्त दोन्हीकडून उशीर सारखा हवा, म्हणून बॅटरी आणि यंत्रं सारखी ठेवायची. याला उगाच फुगवलेलं कसं म्हणायचं?

आणि तारेपेक्षा हट्टी अडचण माणसाची होती. आकाशातला तारा दुर्बिणीच्या भिंगासमोर ताणलेल्या बारीक धाग्यावरून जाताना एकाला जरा आधी वाटतो, दुसऱ्याला जरा नंतर. १७९६ मध्ये ग्रीनिच वेधशाळेचा प्रमुख मॅस्केलिन यानं तिथल्या किनब्रुक नावाच्या सहायकाला काढून टाकलं, का तर त्याचे वेध साहेबांपेक्षा ०.८ सेकंद उशिरा यायचे. बिचाऱ्याची चूक नव्हती, प्रत्येकाचा डोळा-कान वेगळाच चालतो हे पुढे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं दाखवलं. तारेच्या कामात यावर उपाय म्हणजे दोघांचे वेध एकमेकांशी ताडून फरक वजा करायचा, किंवा निम्मं काम झालं की दोघांनी जागा बदलायच्या.

तुमच्याकडे जुनी सर्व्हे शीट असेल तर समासातली बारीक टीप बघा, मद्रासचा कुठला रेखांश धरलाय ते तिथे दिलेलं असतं. ती टीप न वाचता शीट आजच्या सॅटेलाइट नकाशावर ठेवलीत तर तुमचं गाव शेजारच्या गावात जाऊन बसेल.