घेऊन जा गे मारबत

परवा करीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सिंदीच्या एसटी गाडीत जे झालं तेव्हापासून माझं डोकं जे सटकलं ते अजून जाग्यावर आलं नाही. घरात कोणी ऐकून घेत नाही म्हणून इथं लिहून राह्यलो. ज्यांना उशिरा लेकरू झालं त्यांनी वाचा, बाकीच्यांनी आपापले नातू खेळवा.

सासुरवाडी सिंदी रेल्वेची. तिथला तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा लाकडी नंद्यांचा पोळा, वर्धा जिल्ह्यात कोणाला सांगायची गरज नाही. पोरगी ७ वर्षांची, तिचा हट्ट पार आखाडीपासून चालू. म्हणून तिचा लाकडी नंदी, त्याची झूल, बाशिंग, घुंगरू आणि एक चाक सारखं निसटते म्हणून माझ्या खिशात हातोडी, असा सगळा लवाजमा घेऊन आम्ही तिघं गाडीत. गर्दी एवढी की नंदी माझ्या डोक्यावर. शिंगं वरच्या दांडीला अडकून राह्यली होती. तेवढ्यात कंडक्टर आला. पोट्टंच म्हणा ना, मिशी धड फुटली नाही, एका कानात ते बिनवायरचं बोंडूक.

"सिंदी, तीन," मी म्हटलं.

त्यानं पोरीकडं पाह्यलं, बायकोकडं पाह्यलं, मग माझ्या डोक्याकडं पाह्यलं, म्हणजे नंदीच्या खालच्या डोक्याकडं, आणि मशीनवर टकटक करून तीनही तिकिटं अर्धी काढायला लागला. मी म्हटलं, "भाऊ, माहं फुल्ल काढ."

"काहून बाबाजी, आधार घरी राह्यलं का? असू द्या, मले दिसते ना. चेकिंगवाले आले तं मी सांगतो त्यायले."

मले दिसते ना! काय दिसते रे तुले? भांडला असता तर मीही भांडलो असतो, दोघांचा जीव मोकळा झाला असता. पण त्यानं दया केली राजेहो. दयेले उत्तर नसते. आवाज एकदम मऊ, जसा आपण दवाखान्यात बुढ्या माणसाशी बोलतो ना तसा, वरून खांद्यावर हातही ठेवला. मी पण हट्टाला पेटलो. म्हटलं, "एक्कावन्न हाय माहं वय. काढ फुल्ल."

गाडी चिडीचूप. इतका वेळ सगळे आपापसात कलकल करून राह्यले होते, सोयाबीन पिवळं पडलं, पिठोरीच्या वड्यात मीठच नव्हतं, नेमकं तेव्हाच सगळ्यांना गप बसायचं सुचलं. कंडक्टर म्हणे, "बाबाजी, साठीतले लोकं पासष्ट सांगतात हे रोज पाह्यतो. हे उलटं पह्यल्यांदाच पाहून राह्यलो बा." समोरच्या सीटवरचे खीखी हसले. आणि आमचं रत्न, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते मोठ्यानं म्हणते, "बाबा, घेऊन घ्या ना अर्धं, उरलेल्या पैशात मले फुगा होते."

"बाबा?" कंडक्टरचा हात मशीनवरच थांबला. "मले वाटलं नात हाय."

इथं तरी संपलं असतं. पण मागच्या सीटवर एक बुढी होती, आमच्या नशिबात अशी एक बुढी प्रत्येक गाडीत रिझर्वेशन करून बसलेलीच असते. ती वाकून बायकोला विचारते, "दुसरपणाची का गं तू?" बायको फसकन हसली. नवऱ्याची बाजू घ्यायची सोडून हसली! म्हणे, "नाही मावशी, पह्यलीच हाय, जरा उशिरा भेटली." त्यावर बुढीनं मला वरून खाली पाह्यलं, हिशोब लावला आणि निकाल दिला, "मंग आता एक पोट्टा होऊ द्या. लवकर करा पण."

आता सांगा. त्याच गाडीत, पाच मिनिटांच्या आत, मी अर्ध्या तिकिटाइतका म्हातारा आणि पोट्टा होऊ देण्याइतका तरणा. एक काहीतरी ठरवा ना बापा!

आणि तिकिटाचं काढलंच आहे तर तेही सांगून टाकतो. पाच ते बारा वर्षांच्या लेकराला अर्धं. बाईला १७ मार्च २०२३ पासून अर्धं. ६५ च्या वरच्याला अर्धं. ७५ झाले की फुकट, आधार दाखवा आन महाराष्ट्रभर फिरा. सगळ्यांना मिळो, माझी आई पण जाते त्याच्यावर शेगावले, माझं काही म्हणणं नाही. पण मग पूर्ण पैसे देते कोण? मी. बारा ते पासष्टमधला गडी. २०२५ च्या जानेवारीत भाडं वाढवलं तेही १४.९५ टक्के, पंधरा म्हणायची लाज वाटली असेल. एवढं मोजून वरून बाबाजी म्हणवून घ्यायचं. म्हणजे म्हातारपणाची इज्जत सगळी, सवलत एक पैशाची नाही.

सरकारचंही तेच. किसान मानधन म्हणून पेन्शनची योजना २०१९ मध्ये आली, ६० नंतर महिन्याला ३००० मिळतात, मोठ्या हौसेनं कागदं घेऊन गेलो तर वय १८ ते ४० पाहिजे म्हणे. तिथं मी म्हातारा. गाडीत ६५ पाहिजे, तिथं मी पोट्टा. मधल्या पंचवीस वर्षांत माणसानं काय करावं याची योजना अजून कोणी काढली नाही. पोरीचं सुकन्याचं खातं तिच्या बारशाच्या सुमारास काढलं. खिडकीवरचा बाबू म्हणे, पंधरा वर्षं भरा आन एकविसाव्या वर्षी उचला. म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं चष्म्याच्या वरून जे पाह्यलं ना, ते मी विसरलो नाही. मी तिथंच उभ्या उभ्या हिशोब केला. ज्या वर्षी सुकन्या पिकते त्याच वर्षी माझं अर्धं तिकीट चालू होते. चला, पैसे आणायला जायचं भाडं तरी कमी लागेल.

आणि उशीर उशीर म्हणता तर उशीर काही मी हौसेनं केला का? पाच एकर कोरडवाहू, कपाशी आन तूर, म्हणजे लग्नाच्या बाजारात भाव शून्य. पोरी पाहून पाहून पायताणं झिजली. प्रत्येक सासरा आधी विचारे शेती किती, मग विचारे नोकरी कुठं, आन शेवटी हळूच, आमच्या पोरीले वावरात तं जा नाही लागणार? शेती पाहिजे पण कास्तकार नको. चपराशी चालते, कंपनीतला वॉचमन चालते. हेच लोक तेव्हा म्हणत, याचं काही जमत नाही. जमलं तर म्हणे या वयात? मग वर्षभरात सुरू, पाळणा कधी हलते, अमक्या बाबाकडं जा, तमक्या झाडाले नारळ बांध. पाळणा हलला तर हेच तोंडाला पदर लावून, अगं बाई, या वयात? माझी काकी तर बारशाला येऊन पोरीच्या कानात कुर्र करायच्या आधी मला म्हणे, आता हिच्या लग्नापर्यंत टिक बापा. ही बारशाची बोली हाय का?

बायकोला हे सांगितलं तर ती वेगळंच काढून बसली. म्हणे, "माह्या फाईलवर डॉक्टरनं एल्डरली प्रायमी, म्हणजे उशिराची पह्यलटकरीण, लिवलं होतं, सदतीसाव्या वर्षी, तवा तुम्ही हसले होते. नऊ महिने ते वझं मी हातात घेऊन फिरली. आता तुमच्यावर आलं तं झोंबून राह्यलं." आता यात माझ्या भांडणाचा काय संबंध? हिला नेमकी वेळ साधता येते.

शाळेचं तर बोलूच नका. माझा लंगोटी यार, दोघांनी एका पाटीवर अभ्यास केला, त्याचा नातू आन माझी पोरगी एकाच बाकावर. तो येते शाळा सुटायच्या वेळी पांढरं शर्ट घालून, नातवाच्या हातात चॉकलेट देते, गाडीवर बसवते आन घरी नेऊन त्याच्या आईच्या हवाली करते. झालं याचं काम. मी घरी जाऊन सातचा पाढा घेतो, मातीचा बैल करतो, कार्डशीटवर पावसाळा चिकटवतो, फेव्हिकॉल दाढीला लागते. आणि तो मला म्हणते कसा, मजा हाय गड्या तुही, लहान लेकरासोबत माणूस जवान राह्यते. जवान! रात्री साडेदहाले, दिवसभर फवारणी करून आलो असताना, झोप लागता लागता कोणीतरी पापणी बोटानं वर उचलून विचारते, "बाबा, रोही मेल्यावर कुठं जाते?" वावरात आलेलं रोही, म्हणजे नीलगाय, कुठं जावं याबद्दल माझी मतं लेकराला सांगण्यासारखी नाहीत.

आणि फवारणीवरून आठवलं. सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन मी धुऱ्याधुऱ्यानं जातो तेव्हा रस्त्यावरून जाणारा एकही माणूस थांबून म्हणत नाही, बाबाजी, द्या तो पंप इकडं. तिथं कोणाले काही दिसत नाही. दिसते ते फक्त गाडीत.

सल्ले देणारे म्हणतात डाय लाव. लावला. एकदा लावला लग्नाच्या आधी, कपाळ असं सुजलं की डोळे उघडेना, डॉक्टर म्हणे डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाची अॅलर्जी आहे, पुन्हा लावू नका. तर काळी मेंदी लाव म्हणून दुसरा शहाणा आला, त्यातही बहुतेक तेच असते हे त्याले मी सांगितलं तर म्हणे तुम्ही लय शंका काढता, वयाचा परिणाम. वर्ध्याच्या ४५-४६ डिग्रीत उभा जन्म काढलेल्या माणसाचं कातडं काय पुण्याच्या साहेबासारखं राहणार हाय का? पुण्यातले पन्नाशीचे लोक हाफ चड्डी घालून पळतात त्यांना कोणी बाबाजी म्हणत नाही. हे लोक पळतात कशाच्या मागं हेही मला अजून समजलं नाही. आमच्या इकडं माणूस पळते ते एकतर डुकराच्या मागं नाहीतर गाडीच्या.

करीच्या दिवशी सकाळी गावात मारबत, म्हणजे ईडा पीडेचा पुतळा, मिरवत गावाबाहेर काढतात, पोट्टे ओरडतात, ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत. माझं ऐका, त्यात आणखी घाला. आधार न पाहता वय सांगणारे घेऊन जा गे मारबत. मागच्या सीटवरच्या बुढ्या घेऊन जा गे मारबत. पोट्टा होऊ द्या म्हणणारे, पोरीवर थांबले का म्हणून तोंड वाकडं करणारे, हे तर आधी घेऊन जा गे मारबत. आणि गुडघा. उजवा. जमलं तर तोही ने.

कारण सिंदीत पुढं काय झालं तर पोरगी नंदीची दोरी धरून जी सुसाट सुटली, तिच्या मागं मी, आणि शंभर पावलांत माझा गुडघा कटकट वाजायला लागला, बाजूच्या घुंगरांपेक्षा मोठा. एका वाड्यात बोजारा, म्हणजे नंदीची ओवाळणी, मागायला गेलो तर घरच्या बाईनं पोरीच्या हातात दहाची नोट ठेवली आन म्हणे, यातून आबाजीले चहा पाज. मी काही बोललो नाही. बोलायला दम कुठं होता. पटांगणात नंद्यांची रांग लागली, मी पोरीजवळ वाकून निसटलेलं चाक ठोकून राह्यलो तर माईकवरून, सगळ्या सिंदीला ऐकू जाईल असं, "हातोडीवाले आबाजी, बाजूला व्हा, फोटोत तुम्हीच येऊन राह्यले!" पोरगी एवढी हसली की तिचं मुकुट पडलं. खोटं कायले बोलू, मीही हसलो. उठायला मात्र साळ्याचा हात लागला.

आणि खरं तर चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा, पोरीला हाक मारताना आधी दोन्ही बहिणींची नावं घेऊन मग तिसऱ्यांदा तिच्यावर येणारा, टीव्हीचा आवाज वाढव म्हणून ओरडणारा माणूस दुसऱ्या कोणाच्या घरी असता तर मीही त्याले बाबाजीच म्हटलं असतं. पण ते घरात. गाडीत नाही. पैसे भरल्यावर तर बिलकुल नाही.

येताना गाडीत दुसरा कंडक्टर होता, चांगला पोक्त, टक्कल पडलेला. मी हातात आधार काढूनच बसलो होतो. त्यानं बिनबोलता फुल्ल काढून दिलं. बरं वाटायला पाहिजे ना? बायको म्हणे, "त्याले दिसलं नाही बरोबर, चष्मा लागला असन."

आता पुढच्या महिन्यात साळ्याच्या पोराचं साक्षगंध हाय, तीनशे माणूस. मी ठरवून टाकलं. जो कोणी विचारेल नात का, त्याले म्हणणार, हो, नातच. सांभाळता का दोन दिवस? सकाळी सहाले उठते, वरणात हिंग चालत नाही, सातचा पाढा अर्धा राह्यला हाय आन झोपायच्या आधी रोह्याचं विचारते. सांगा तिले काय सांगायचं ते. मी इथंच मांडवात सतरंजीवर जरा आंग टाकतो.